परसातील कोळशाचे पिंप : परीक्षा व उपयोग

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि खाचरातील उरल्या ओलीवर टाकलेला वाल शेंगांनी लगडला, म्हणजे पनवेल, उरण, अलिबाग या बाजूस पोपटीचे दिवस आले असे समजतात. पूर्वी या कामास वेगळी जागा शोधावी लागत नसे. कापणी झालेले खाचर मोकळे असे, पालापाचोळा बांधावर पडलेला असे आणि शेजारी म्हणजे पलीकडच्या शेताचा धनी. १९७० साली सिडको महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईकरिता ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यानंतर ज्या बांधावर पोपटी लागे तो बांध पुष्कळांपाशी राहिला नाही; घरामागचे परसू तेवढे राहिले. जाळ शेतातून परसात आला आणि धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊ लागला.

अशा परसाकरिता बाजारात हल्ली लोणारी कोळशावर चालणारे झाकणाचे उभे पिंप मिळते. विक्रेते त्यास ‘ड्रम स्मोकर’ म्हणतात, आणि जुन्या नमुन्यात फेरफार करून नवे पिंप आले की त्याची किंमतही वाढवितात. ज्यांनी उरलेल्या जमिनीवर पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली आहे अशा कित्येक सभासदांनी हे पिंप घ्यावे किंवा कसे अशी पृच्छा केली आहे. म्हणून पिंपाचे कार्य कसे चालते, नव्या नमुन्यातील कोणता फेरफार उपयोगाचा व कोणता केवळ शोभेचा, आणि पैसे मोजण्यापूर्वी त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे येथे क्रमाने सांगावयाचे आहे.

मडके आणि पिंप यांतील भेद

प्रथम आपल्या पोपटीचे तत्त्व लक्षात घ्यावे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेले कोंबडीचे तुकडे, ओवा व खडे मीठ यांचे थर देऊन तोंड पुन्हा पाल्याने गच्च भरतात. मग मडके जमिनीवर पालथे घालून भोवती पेंढा, काटक्या व गोवऱ्या पेटवितात. पाणी किंवा तेल थेंबभरही लागत नाही. शेंगांतील व पाल्यातील ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि तीच सर्व जिन्नस शिजविते. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारून ते चर्र करून तत्काळ आटले, म्हणजे पोपटी झाली असे जाणते लोक ठरवितात. येथे जाळ भांड्याबाहेर आहे, आणि जळणाचा धूर अन्नास फारसा लागत नाही. जो वास लागतो तो भांबुर्ड्याचा.

पिंपाची रीत याच्या उलट आहे. त्यात निखारे भांड्याच्या आतच, तळाशी टोपलीत असतात. त्यांच्यावर सुमारे दोन फुटांवर जाळी असते, किंवा आडव्या सळईला आकड्यांनी मांस टांगलेले असते. खालच्या छिद्रातून हवा शिरते, निखाऱ्यांवरून तापून वर चढते आणि अन्नाभोवती फिरून झाकणाच्या छिद्रातून बाहेर पडते. अन्नास उष्णता व धूर एकदमच लागतात. सबब पिंप हे मडक्याच्या ऐवजी नव्हे. वालाच्या शेंगा पिंपात उघड्या जाळीवर ठेविल्या तर त्या सुकून जातील. उलट अखखी कोंबडी, मांसाचा मोठा तुकडा किंवा मोठा मासा सावकाश भाजून त्यास धुराची चव आणावयाची असेल तर मडक्याचा काही उपयोग नाही. जो विक्रेता ‘आता मडके नको’ असे सांगतो त्यास दोहोंतील भेद ठाऊक नाही असे समजावे.

सगळे रहस्य हवेत आहे

झाकण असलेल्या शेगडीची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत शिकागो शहराजवळ पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन नामक गृहस्थाने १९५२ साली समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या पोकळ गोळ्याचे दोन भाग करून झाकणाची शेगडी बनविली. उघड्या शेगडीवर वारा लागून जाळ भडके, ते त्यास टाळावयाचे होते. पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांस भोके पाडून लोकांनी घरोघरी हेच तत्त्व वापरले, आणि त्या घरगुती पिंपांवरूनच आजचे विकत मिळणारे नमुने निघाले आहेत.

या तत्त्वाचा एक साधा हिशेब पाहावा. एक किलो शुद्ध कोळसा पुरता जळण्यास सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. नेहमीच्या पिंपात २०० लिटरच्या आसपास जागा असते आणि तेवढ्या जागेतील हवेचे वजन पाव किलोही भरत नाही. म्हणजे सर्व छिद्रे खरोखर बंद असतील तर आत कोंडलेल्या हवेवर अवघा सुमारे २० ग्रॅम कोळसा जळेल आणि निखारे गुदमरून विझतील. यावरून हे उघड होते की पिंपातील उष्णता कोळसा किती घातला यावर ठरत नसून हवा किती सोडली यावर ठरते. धरणाच्या कालव्यास दरवाजा असतो तशी हवेची झडप हा पिंपाचा दरवाजा होय. दरवाजा पक्का असून बांध फुटका असेल तर पाणी जसे हाती राहात नाही, तसेच झडप उत्तम असून झाकण सैल असेल तर जाळ हाती राहात नाही.

एका सभासदाच्या परसात जुन्या पद्धतीचे हाताने भोके पाडलेले पिंप व नव्या नमुन्याचे पिंप अशी दोन्ही शेजारीशेजारी पेटविलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली. भाजण्याचे काम संपल्यावर दोहोंची छिद्रे बंद केली. जुन्या पिंपाच्या झाकणाच्या कडेने धूर येतच राहिला आणि सकाळी टोपलीत केवळ राख उरली होती. नव्या पिंपातील निखारे विझले आणि उरलेला कोळसा पुन्हा वापरण्याजोगा निघाला. त्या सुधारलेल्या पिंपाची खरी सुधारणा हीच होती. त्याचा चकचकीत रंग, लाकडी मुठी आणि कडेचे फडताळ ही सोय खरी, परंतु तिच्याकरिता जादा पैसे द्यावे असे नाही.

नव्या नमुन्यातील फेरफारांची पारख

विक्रेते जे फेरफार दाखवितात त्यांतील पाच विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला, हवेची झडप. ती तळाशी एकाच ठिकाणी असून तिच्यावर खुणांचे आकडे असावेत, म्हणजे एकदा जमलेले प्रमाण पुढच्या वेळी पुन्हा साधता येते. झडप वाकून हात घातल्याशिवाय फिरविता येत नसेल तर ती निरुपयोगी समजावी, कारण तापलेल्या पिंपाशी कोणी वाकत नाही.

दुसरा, झाकणाची बैठक. काही नमुन्यांत कडेला उष्णता सोसणारी दोरी किंवा पट्टी बसविलेली असते. ती चांगली, परंतु झिजल्यावर बदलून मिळेल काय हे विचारून घ्यावे. बिजागरीचे झाकण सोयीचे असते, पण बिजागरीच्या बाजूस फट राहात नाही हे डोळ्यांनी पाहावे.

तिसरा, राखेची ताटली. राख टोपलीच्या तळाशी साचली की खालून येणारी हवा अडते. ताटली ओढून काढता येत असेल तर पिंप उपडे करण्याचा त्रास वाचतो. कोकणच्या हवेत तिचे महत्त्व अधिक आहे, कारण राख हवेतील ओल शोषून घेते आणि ती ओली क्षारयुक्त राख पत्र्यास खाते. दर खेपेस राख काढावी, आणि पावसाळ्यात पिंप छपराखाली कोरडे ठेवावे.

चौथा, जाळी वरखाली करण्याची व मांस टांगण्याची सोय. टांगल्याने थोड्या जागेत अधिक माल मावतो, परंतु तुकड्याचे खालचे टोक निखाऱ्यांजवळ येऊन करपण्याचा संभव असतो. म्हणून जाळी व आकडे अशा दोन्ही सोयी असाव्यात.

पाचवा, झाकणावरचा उष्णतामापक. तो असावा, पण त्यावर विसंबू नये. तो झाकणाजवळची उष्णता सांगतो, जाळीवरची नव्हे. विकत घेण्यापूर्वी त्याची नळी उकळत्या पाण्यात धरून पाहावी. नवी मुंबई समुद्रकाठी असल्याने काटा १०० अंश सेंटिग्रेडवर आला पाहिजे. सावकाश भाजण्यास जाळीवर १०५ ते १३५ अंश उष्णता पुरते. कोंबडी शिजली की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नये. टोचण्याचा उष्णतामापक तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडास न लागेल असा खुपसून ७४ अंश भरल्याखेरीज ती पाहुण्यांस वाढू नये.

भंगारातील पिंप घेऊ नये

विकतचे पिंप महाग वाटल्याने भंगारातून रिकामे पिंप आणून घरीच बनवावे असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. ठाणे-बेलापूर पट्टा व तळोजा येथील रासायनिक कारखान्यांमुळे अशी पिंपे आपल्या भागात जागोजाग दिसतात. या बाबतीत कडक इशारा देणे आवश्यक आहे. ज्या पिंपात विषारी रसायन होते ते पिंप धुतल्याने किंवा जाळल्याने अन्नास योग्य होत नाही. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे ही २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार स्वतःच घातक कचऱ्यात गणली जातात. शिवाय ज्वालाग्राही द्रव्याचे रिकामे पिंप कापताना आतील वाफेचा स्फोट होऊन माणसे दगावतात. आत राळेचा लेप असेल तर तो तापून धुरात मिसळतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, सळई किंवा जाळी आत मुळीच वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते, निखाऱ्यांनजीक तेवढी उष्णता सहज होते आणि त्याची वाफ श्वासावाटे आत गेल्यास हीव भरून ताप येतो. घरी बनवावयाचेच असेल तर आतून कोरे, लेप नसलेले नवे पिंप घ्यावे, आणि अन्न घालण्यापूर्वी एकदा ते मोठ्या जाळाने रिकामेच तापवून घ्यावे.

चरबी व धूर

धुरावलेल्या अन्नात अपाय कोठून शिरतो हे समजण्यास आफ्रिकेतील एक उदाहरण उपयोगी आहे. घाना देशाच्या किनाऱ्यावर कोळी स्त्रिया मासे धुरावून विकतात. त्यांच्या जुन्या भट्ट्या वाटोळ्या, मातीच्या किंवा तेलाच्या पिंपांच्या असत. १९६९ च्या सुमारास अक्रा शहरालगतच्या चोरकोर नावाच्या वस्तीत एकावर एक जाळ्या रचण्याची चौकोनी भट्टी निघाली. तिच्यात जळण कमी लागून मासे अधिक निघू लागले आणि ती आसपासच्या देशांत पसरली. तथापि माशांची चरबी निखाऱ्यांवर ठिबकून जो काळा धूर होई तो माशांवर बसे, हा दोष तिच्यातही राहिला. त्या धुरात बेंझोपायरीन आदिकरून द्रव्ये असतात, आणि बेंझोपायरीन हे माणसास कर्करोग करणारे आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दिलेला आहे. म्हणून २००८ मध्ये सेनेगाल देशातील थियारॉय येथे राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने जी नवी भट्टी तयार झाली, तिच्यात चरबी झेलण्याची ताटली आणि धूर करण्याची वेगळी सोय केलेली आहे.

यावरून आपणास दोन गोष्टी घेता येतील. पिंपात अन्न व निखारे यांच्यामध्ये चरबी झेलणारी पसरट ताटली बसविता येत असेल तर ते पिंप अधिक चांगले. आणि दाट पांढरा किंवा काळा धूर निघत असताना अन्न आत घालू नये. कोळसा नीट फुलून विरळ निळसर धूर निघू लागला, म्हणजे अन्न ठेवण्याची वेळ झाली. ज्यांस मासे धुरावून विकावयाचे असतील त्यांनी केवळ पिंपावर भरवसा न ठेवता, वाशी येथे केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचे संशोधन केंद्र आहे, तेथे सल्ला घ्यावा.

जळण व कायदा

जळणास बाभूळ, चिंच यांसारख्या कठीण लाकडाचा लोणारी कोळसा उत्तम. नारळाच्या करवंटीचा कोळसाही कडक आच देतो व राख थोडी ठेवतो. चिकटवून केलेल्या कोळशाच्या वड्या एकसारख्या जळतात, परंतु त्यांत कोळशाखेरीज अन्य जिन्नस मिसळलेले असतात. कोळसा पेटविण्यास रॉकेल वापरू नये. त्याचा वास अन्नास लागतो. तळाशी भोके पाडलेल्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात कोळसा भरून खाली कागद पेटविला म्हणजे पुरे. धुराकरिता चिंच किंवा पेरू यांच्या वाळक्या ढलप्या मूठभर टाकाव्या. काजूची टरफले, कण्हेर, रंग दिलेले लाकूड व प्लायवूड ही कटाक्षाने टाळावी. काजूच्या टरफलात दाहक तेल असते, कण्हेर विषारी आहे, आणि रंग व गोंद यांचा धूर अपायकारक असतो.

महसुली कामाची सवय असलेल्यास एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा हा वनोपज म्हणून गणला आहे, मग तो वनातून आणलेला असो वा नसो. म्हणून आपल्या मालकीच्या झाडांचा कोळसा पाडून विकण्याचा किंवा दुसरीकडे नेण्याचा बेत असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करावी, आणि विकत घेतलेल्या कोळशाची पावती जपून ठेवावी. झाड तोडण्याच्या परवानगीचा प्रश्न याहून वेगळा आहे, हेही विसरू नये.

जिवाची व घराची काळजी

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नामक वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो झोपेतच प्राण घेतो. पाऊस आला म्हणून पेटलेले पिंप पडवीत किंवा खोलीत कधीही आणू नये. विझलेसे वाटणारे पिंपही रात्री घरात ठेवू नये. पेंढ्याची उडवी, गवताचे छप्पर व गाडी यांपासून ते दूर, सपाट जमिनीवर मांडावे. झाकण एकदम उघडल्यास हवा शिरून जाळ उसळतो. म्हणून आधी थोडेसे उचलून, तोंड बाजूस ठेवून मग उघडावे. राख दुसऱ्या दिवशीही पाणी शिंपडून मगच बाहेर टाकावी. लोणारी कोळशाची स्वच्छ राख जांभ्या मातीतील परसबागेस थोडी थोडी दिल्यास गुण येतो, परंतु खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीस देऊ नये, आणि चरबी मिसळलेली राख कोठेच घालू नये.

खरेदीपूर्वीची परीक्षा

पैसे देण्याआधी पुढील क्रमाने पाहणी करावी. झाकण बसवून सर्व छिद्रे बंद करावी, आत पेटती विजेरी ठेवावी आणि अंधाऱ्या जागी कडेने प्रकाश दिसतो काय ते पाहावे. जेथून प्रकाश येतो तेथून हवाही जाणार. पिंप दोन्ही हातांनी हलवून पायांची मजबुती अजमावावी. आतील लेप कशाचा आहे हे लेखी विचारावे. शक्य असल्यास विक्रेत्याकडून किंवा आधी घेतलेल्या माणसाकडून ते पेटवून दाखवून घ्यावे, कोळसा वजन करून घालावा, अर्धी झडप ठेवून दोन तासांत काटा किती हलतो ते पाहावे आणि शेवटी सर्व बंद करून उरलेला कोळसा पुन्हा तोलावा. जे पिंप काटा स्थिर ठेवते आणि विझल्यावर कोळसा राखते तेच घ्यावे. मग ते कोणाचेही असो.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. ज्यांच्याकडे वर्षभर दर आठवड्यास पाहुणे येतात त्यांस चांगल्या पिंपाचा खर्च जळणाच्या बचतीने व थाळीच्या भावाने वसूल होण्याजोगा आहे. मात्र अन्न विकावयाचे तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी. ज्याच्या घरी वर्षातून पाचसहा वेळा आप्तेष्ट जमतात त्याने मात्र या भरीस पडू नये. मडके स्वस्त आहे, भांबुर्डा फुकट आहे आणि वाल आपल्याच खाचरातला आहे. परसू लहान असेल तर मडक्याभोवती विटांचा किंवा पत्र्याचा आडोसा करावा, वाळकेच जळण घालावे आणि शेजाऱ्यासही जेवावयास बोलवावे, म्हणजे धुराची तक्रार राहात नाही.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती आलेला पैसा नव्या वस्तूंच्या पायी कसा निघून गेला हे या भागातील प्रत्येक गावाने पाहिले आहे. उरलेल्या परसावर जो थोडा व्यवसाय उभा राहू पाहतो आहे त्याचे भांडवल रंगाच्या झिलईत जाऊ नये, हाच या लेखाचा हेतू आहे. पिंप घेणाऱ्याने रंगापूर्वी झाकण पाहावे, आणि झाकणापूर्वी आपला वर्षाचा हिशेब पाहावा.